हस्ते : ड्रायव्हर

जालना
१२ जानेवारी १९९९

तीर्थरूप नाना,

नमस्कार. हे पत्र साहेबरावकाकांच्या जीपमधून येतंय, टपालानं नाही. टपालानं पाठवलं असतं तर तुम्ही पोस्टमनला परत घेऊन जा म्हणाला असता. काकांना तसं म्हणता येणार नाही, कारण घनसावंगीच्या स्टँडवर तुमच्या दोघांच्या जीपा रोज एकामागे एक नंबराला लागतात. रागावला असाल तर खुशाल राहा रागावलेले, पण आधी वाचा.

बातमी अशी. पुण्याला समाजशास्त्राची एक मोठी संस्था आहे. तिथं दरवर्षी अख्ख्या महाराष्ट्रातून फक्त चार जणांना पीएच.डी.ला घेतात आणि तीन वर्षं शिष्यवृत्ती देतात. दर महिन्याला, पगारासारखी. राहायला खोली, गावोगाव हिंडायला वेगळा खर्च. मी ज्या कॉलेजात तासिकेवर शिकवते तिथल्या देवानंद सरांनी जाहिरातीचं कात्रण आणून दिलं. मी ते इतक्यांदा उघडलं आणि मिटलं की घडीवर फाटायला आलंय. मामी म्हणाली, सगुणे, आता त्याला फ्रेम तरी करून घे.

अर्ज पंधरा मार्चला संध्याकाळी पाचच्या आत पुण्यात पोचला पाहिजे. वयाची अट पंचविशीची आहे आणि शाळेच्या दाखल्यावरून मला येत्या एक जूनला पंचवीस पूर्ण होतात. म्हणजे ही माझी पहिली आणि शेवटची खेप. मार्चनंतर कॉलेजातले माझे तास संपतात, ते पुन्हा मिळतील याचा काही भरवसा नाही. मिळाली शिष्यवृत्ती तर मिळाली, नाहीतर मामाकडे बसून स्थळं बघायची.

अर्जासोबत दहा पानांचा आराखडा द्यायचाय, म्हणजे आपण कशावर अभ्यास करणार ते. मी विषय ठरवलाय. आता जरा गाडी बाजूला घेऊन वाचा. विषय आहे, खेड्यातल्या जीपमध्ये कोण कुठं बसतं.

तुमच्या कपाळाला आठी पडली ती मला इथून दिसली. दीड वर्षापूर्वी मी कॉलेजच्या वार्षिकात याच विषयावर लेख लिहिला होता. तो घनसावंगीच्या हॉटेलात मोठ्यानं वाचला गेला, लोक हसले, आणि तुम्ही मला म्हणालात, "माझ्या गाडीत पुन्ना बसायचं न्हाई." बसले नाही. तेव्हापासून एसटीनं फिरते. ज्या एसटीच्या कंडक्टरनं तक्रार करून तुमची जीप तीन दिवस पोलीस ठाण्यात लावली होती आणि जिच्यात तुम्ही आठ वर्षं पाऊल ठेवलेलं नाही, त्या एसटीनं. गावाकडे आले तरी तुम्ही दुसऱ्या फेरीला निघून गेलेले असता.

तरी विचारते, कारण दुसऱ्या कुणाला विचारून उपयोग नाही. जीप नऊ जणांची. माणसं बावीस. तुम्ही कधी तोंडानं सांगत नाही, तरी कोणी पुढं बसतं, कोणी मध्ये, कोणी मागच्या फळकुटावर लोंबकळतं. हे तुम्ही कसं ठरवता? एक ओळ लिहा. नाही लिहावंसं वाटलं तर काकांजवळ सांगा.

तुमची
सगुणा

जालना
३ फेब्रुवारी १९९९

तीर्थरूप नाना,

निरोप मिळाला. काकांनी स्टँडवर काच खाली केली आणि म्हणाले, "तुझा बाप म्हणला, सीट गाडीवाला ठरवत न्हाई." दीड वर्षानंतर चार शब्द. मी ते तिथंच हातावर लिहून घेतले, वही आणायला घरी जाईपर्यंत धीर नव्हता.

मी काकांना विचारलं, मग कोण ठरवतं? ते म्हणाले, तेवढंच सांगितलंय, आणखी काय पायजे असंल तर पुढच्या फेरीला विचारतो, आता माझं सीट भरून राह्यलंय. सीट काही भरत नव्हतं. जीपमध्ये दोन माणसं होती आणि काका "एकच सीट राह्यलं, एकच सीट" ओरडत होते.

गेल्या रविवारी मी अंबडच्या स्टँडवर गेले होते. रसवंतीच्या आडोशाला बाकडं टाकून सकाळपासून दुपारपर्यंत बसले आणि सतरा जीपा भरताना पाहिल्या. नाना, मला वेड लागायचं बाकी होतं. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट, पण वही उघडली की वेगळीच दिसते. नवा जावई असेल तर त्याला पुढं बसावंच लागतं, त्याची इच्छा असो नसो. हवालदार आला की ड्रायव्हरच्या उजव्या हाताला दाराशी चेपून बसलेला जादा माणूस न सांगता खाली उतरतो. गिअरच्या दांड्याजवळ बाईमाणूस कधी नाही. फवारणीचा वास येणारा गडी सगळ्यात आधी आला तरी टपावर. गुरुजींना खिडकी, पण गुरुजी बदलून आलेले नवे असले तर खिडकी नाही, सहा महिने थांबायचं. मी तीन ग्लास रस प्यायले, नाहीतर रसवाल्यानं उठवलं असतं.

तुमची जीप साडेअकराला आली. तुम्ही मला पाहिलं. नाही म्हणू नका. तुम्ही आरसा दोन वेळा फिरवलात, आणि दुसऱ्यांदा फिरवलात तेव्हा त्यात रसवंती सोडून दुसरं काही दिसण्यासारखं नव्हतं.

देवानंद सर म्हणतात, विषय सोन्यासारखा आहे, असला आराखडा पुण्यात कुणी पाहिलेला नसणार. ते म्हणाले तेव्हा माझ्या हातातला खडू खाली पडला.

आईला सांगा, डबा मिळाला. शेंगदाण्याची चटणी जास्त तिखट होती, म्हणजे ती माझ्यावर अजून रागावलेली आहे. चटणीवरून कळतं.

तुमची
सगुणा

जालना
२१ फेब्रुवारी १९९९

तीर्थरूप नाना,

हे पत्र लिहायला चार दिवस लागले. आधीचे दोन कागद फाडले.

आराखडा लिहून झाला होता. मी तो मोठ्या तोऱ्यात देवानंद सरांकडे नेला. त्यांनी सगळा वाचला, चष्मा काढला आणि एकच विचारलं. "या जीपमध्ये तू कुठं बसायचीस?"

मी म्हणाले, सर, मी तर अभ्यास करणारी. ते म्हणाले, तीन वर्षं अंबडच्या कॉलेजला त्याच जीपनं गेलीस ना, उभी तर नसशील राहिली. मग त्यांनी आराखडा परत दिला आणि चहा मागवला.

मी पुढं बसायचे. तीन वर्षं, रोज, तुमच्या डाव्या हाताला, खिडकीशी.

तुम्हाला हे मी सांगायला नको. तरी लिहिते, कारण आजवर मी हे कुठंच लिहिलेलं नाही. त्या लेखात मी लिहिलं होतं की हिवाळ्यातल्या एका सकाळी बौद्धवाड्यातल्या मालनमावशी गुडघा सुजलाय म्हणून पुढच्या सीटवर बसल्या होत्या, अंबडच्या जिनिंगवर कापूस निवडायला चालल्या होत्या, आणि मागून कारभारी पाटील आले तेव्हा ड्रायव्हरनं त्यांना उठवून मागं पाठवलं. लोक त्यावरच हसले होते. कारभारी पाटलांनी तेव्हापासून तुमची जीप सोडली ती सोडलीच.

कारभारी पाटील त्या दिवशी जीपमध्ये नव्हते. मी आले होते. हातात वह्या, केसांना रिबीन, उशीर झालेला. मावशी मागच्या फळकुटावर गेल्या आणि मी त्यांच्या जागेवर बसले, अजून ती जागा कोमट होती. तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हॉटेलात लेख वाचून लोक तुमच्याकडे बघून हसत होते, तेव्हा एवढं म्हणाला असता की पाटील नव्हते, माझी पोरगी होती, तरी सगळं माझ्या अंगावर आलं असतं. तुम्ही म्हणाला नाहीत. मला गाडीत बसू नको म्हणालात, तेवढंच.

मी गुरुवारी अंबडला जाऊन जिनिंगच्या फाटकाशी थांबले. मावशी सुटल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, लेखसुद्धा वाचून दाखवला. त्यांनी पदरानं तोंडावरचा कापूस पुसला आणि म्हणाल्या, "तुझ्या बापानं मला उठवलं न्हाई, बाई. तू येताना दिसलीस अन् मीच उठले. त्यानं 'ऱ्हा बसून' म्हणलं न्हाई, एवढंच. तू बी न्हाई म्हणलीस."

मग म्हणाल्या, लिहायचं तर हे लिही, बराबर लिही. माझं नाव घातलं तरी चालतंय.

मी तिथं फाटकाशी रडले, मला लपवायचं नाही. पण नाना, रडता रडता डोक्यात दिवा पेटल्यासारखं झालं. कुणी कुणाला उठवतच नाही. म्हणून तर कुणाचं भांडण होत नाही, आणि म्हणून तर ते चालू राहतं. माझा सगळा आराखडा चुकला होता आणि आता तो बरोबर येणार होता. परतीच्या एसटीत मी तिकिटाच्या पाठीमागे लिहीत आले.

कारभारी पाटलांकडेही जाऊन आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि माफ केलं म्हणाले नाहीत. चहा मात्र दिला.

तुमची माफी मी पत्रात मागणार नाही. समोर येऊन मागेन, तुम्ही दुसऱ्या फेरीला निघून गेला नाहीत तर.

सगुणा

जालना
१४ मार्च १९९९, रविवार

नाना,

घाईत लिहिते. माझा अर्ज कुठं आहे?

अर्जातल्या जन्मतारखेच्या पानावर पहिल्या शाळेच्या मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का लागतो. मला बारावीच्या पेपरवर ड्युटी होती, एक दिवसही सुटी मिळेना. म्हणून शुक्रवारी सकाळी मी सगळा अर्ज, आराखड्यासकट, मोठ्या खाकी पाकिटात घालून साहेबरावकाकांकडे दिला. काका सही घेऊन संध्याकाळी परत आणणार होते. शनिवारी स्पीडपोस्टनं टाकला असता तर सोमवारी पुण्यात. हिशेब पक्का होता.

काकांच्या जीपचा क्लच अंबडला गेला. त्यांनी पाकीट मागच्या जीपवाल्या कडूबाकडे दिलं. कडूबा या लाइनवर नवा. काकांनी त्याला सांगितलं म्हणे, शाळेत दे. त्यानं पाकीट बघितलं. पुण्याचा पत्ता इंग्रजीत, तो त्याला वाचता येईना. कोपऱ्यात मी मराठीत माझं नाव लिहिलेलं, सगुणा बद्रीनाथ. बद्रीनाथ नावाचा या लाइनवर एकच माणूस. गाडीवाल्यांची रीत तुम्हीच मला शिकवलीत, की वस्तूवर ज्याचं नाव तिच्यावर त्याचाच हात. त्यानं पाकीट तुमच्या हातात दिलं असणार. तो तसं म्हणतोय.

आज सकाळी मी फोनच्या बूथवरून घनसावंगीला हॉटेलात फोन केला. तुमची जीप अंगणात उभी आहे आणि तुम्ही घरी नाही. आईलाही ठाऊक नाही. जीप उभी आणि तुम्ही नाही, असं आजवर कधी झालं?

पाकीट तुमच्याकडे असेल तर कडूबाच्या हाती लगेच पाठवा. आता टपाल पोचणार नाही, पण मी स्वतः घेऊन जाईन. तुम्हाला ते मुद्दाम ठेवून घ्यायचं असेल तर तसं सांगा. मी लेख लिहिला तेव्हा गाडीत बसू नको यापलीकडे तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, त्यामुळे आज तुमच्या मनात काय आहे हे मला कळत नाही आणि मला भीती वाटते.

सगुणा

जालना
१८ मार्च १९९९

तीर्थरूप नाना,

मागचं पत्र फाडून टाका. आईनं चुलीत घातलं असेल तर उत्तमच.

साहेबरावकाका आज सकाळी कॉलेजच्या फाटकाशी जीप घेऊन आले, सीटा भरलेल्या, माणसं कुरकुर करतायत, आणि त्यांनी खिशातून पावती काढून माझ्या हातात ठेवली. पुण्याच्या संस्थेची. अर्ज मिळाला, पंधरा मार्च, सकाळी अकरा दहा. खाली गोल शिक्का. मी फाटकाशीच काकांच्या पाया पडले. ते म्हणाले, माझ्या काय पडती, मी तर क्लच बदलून राह्यलो होतो.

मग त्यांनी सांगितलं. तुम्ही स्वतःहून कधीच सांगितलं नसतं. शनिवारी संध्याकाळी मुख्याध्यापकांना शेतातून शोधून काढलंत, सही घेतलीत, शिक्का शाळेत म्हणून शिपायाला घरून उठवून आणलंत. आणि रविवारी सकाळीच पाकीट पिशवीत घालून कुणाला न सांगता घरून निघालात, दुपारी अंबडहून पुण्याच्या एसटीत बसलात. एसटीत, नाना. आठ वर्षांनी. स्टँडवर सगळ्यांनी पाहिलं आणि कुणाची हसायची हिंमत झाली नाही, असं काका म्हणाले. जीप का नाही नेली, असं मी विचारलं. काका म्हणाले, तू खुळी हाईस का, पुण्याच्या पोलिसांनी बिनपरवान्याची गाडी आडवली असती तर पाकीट आडकलं असतं.

आणि तुमचा निरोप. काकांनी तो दोनदा म्हणून दाखवला, एक शब्द गाळला नाही. "एसटीत तिकीट काढलं की कुणीबी कुठंबी बसतं. निम्मी गाडी मोकळी होती, तरी मला कुठं बसावं ते औरंगाबादपस्तोर सुचलंच न्हाई. मी उभाच होतो. तिला सांग, माणूस येतानाच आपली जागा संगं घेऊन येतो. मी माझी घरी इसरलो होतो."

नाना, हे मी प्रबंधाच्या पहिल्या पानावर घालणार आहे. तुम्ही नको म्हणालात तरी घालणार.

एकच शंका आहे. पावतीवर 'हस्ते' असं छापलंय आणि पुढं कुणीतरी पेनानं लिहिलंय, 'ड्रायव्हर'. तुमचं नाव नाही. कारकुनानं विचारलं नाही का?

तुमची
सगुणा

जालना
२८ एप्रिल १९९९

तीर्थरूप नाना,

मुलाखत झाली. बोलावणं आलं तेव्हा मी वर्गात मुलांसमोर टाळ्या वाजवल्या होत्या, ते मागच्या चिठ्ठीत कळवलंच. परवाची हकीकत आता सावकाश सांगते, कारण ती तुम्हाला ऐकावी लागेल.

मी सकाळी नऊलाच पोचले. कचेरीत एक वयस्कर कारकून होते. माझं नाव ऐकल्यावर त्यांनी मान वर केली. म्हणाले, जालन्याच्या तुम्ही? तुमचा ड्रायव्हर फार काळजीचा माणूस आहे हो. दार उघडायच्या आधीपासून पायरीवर बसून होता. मी खुर्ची दिली तर खुर्चीवर बसला नाही. पावती घेतल्याशिवाय हलला नाही, आणि शिक्का नीट उमटला नाही म्हणून पुन्हा मारायला लावला.

मी विचारलं, ते ड्रायव्हर आहेत असं त्यांनी सांगितलं का?

कारकून म्हणाले, मी त्यांच्यासमोरच अर्ज तपासत होतो. एकेक रकाना वाचत होतो, पूर्ण भरलाय की नाही ते बघायला. नाव, जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय शेती. मग विचारलं, तुम्ही कोण, अर्जदाराचे वडील का? ते म्हणाले, न्हाई साहेब, मी गाडीवाला.

नाना, मी बाहेर जाऊन पायरीवर बसले, तुम्ही बसला होतात तिथंच.

शेती मी लिहिलं होतं. आपली साडेतीन एकर कोरडवाहू जमीन आहे आणि ती घरचे धाकटे काका कसतात, तेव्हा अगदीच खोटं नाही, असं मी स्वतःला समजावलं होतं. जीपला परवाना नाही, अर्जात जीप लिहिली तर तुमच्यावर काही यायला नको, असंही समजावलं होतं. दोन्ही खोटं. मला लाज वाटली होती. दहा पानं तुमच्या जीपवर लिहिली, त्यात तुम्हाला 'एक ओळखीचा ड्रायव्हर' केलं, आणि मालनमावशींची खरी गोष्ट लिहिली म्हणून मी स्वतःवर खूश होते. एक लपवलेलं उघड केलं आणि त्याच पेनानं दुसरं लपवलं. तुम्ही तो रकाना कानानं ऐकलात. कागदावर शेती आहे तर कागद खोटा पडायला नको, म्हणून तुम्ही माझे वडील नाही म्हणालात.

पावणेबाराला मला आत बोलावलं. टेबलापलीकडे तिघं होते, मधल्या बाई पांढऱ्या केसांच्या, त्या प्रमुख. त्या हसत म्हणाल्या, शेतकऱ्याची मुलगी आणि अर्ज द्यायला ड्रायव्हर पाठवते, आमच्याकडे कुलगुरूंच्या मुलीसुद्धा पोस्टानं पाठवतात. बाकीचे दोघं हसले. अर्जाच्या शेवटी माझी सही होती, वरील माहिती खोटी आढळल्यास अर्ज रद्द समजावा. ती ओळ मला पाठ होती.

मी म्हणाले, "अर्जात चूक आहे. ते ड्रायव्हर माझे वडील आहेत. जीप त्यांची आहे. आराखड्यात आहे तीच."

कुणी हसलं नाही. मी सगळं सांगितलं, पाकीट कडूबानं कुणाच्या हातात दिलं इथपासून एसटीत तुम्ही उभे राहिलात इथपर्यंत. तुमचा निरोप जसाच्या तसा म्हणून दाखवला. बाईंनी तो कागदावर उतरवून घेतला, आणि दोन वेळा विचारलं, संगं म्हणजे सोबत ना. मग त्यांनी माझा अर्ज माझ्यापुढं सरकवला आणि आपलं पेन दिलं. म्हणाल्या, चूक दुरुस्त करा, शेजारी सही करा. मी शेतीवर रेघ मारली आणि वर लिहिलं, जीपचालक. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येतंय.

शेवटी बाईंनी विचारलं, तुम्ही कुठं बसायच्या? मी म्हणाले, पुढं. त्यांनी विचारलं, आता? मी म्हणाले, आता पावणेदोन वर्षं त्या जीपमध्ये बसलेच नाही. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं आणि निघा म्हणाल्या.

झालं ते असं. त्यांनी अर्ज रद्द केला तर तो माझ्या सहीनं रद्द होईल, तुमच्या पाकिटाचा त्यात दोष नाही. मला भीती वाटते आणि तरी दोन दिवस मी घरात गाणी म्हणत फिरतेय. मामी म्हणते, हिला ऊन लागलंय.

तुमची मुलगी
सगुणा

जालना
२२ मे १९९९

तीर्थरूप नाना,

झाली. माझी निवड झाली. चौघांमध्ये तिसरं नाव, सगुणा बद्रीनाथ. पाकीट फोडताना पत्राचा कोपरा फाटला, मामानं तो चिकटपट्टीनं चिकटवला. एक जुलैला हजर व्हायचंय. मामी शेजारपाजारी साखर वाटून आली आणि प्रत्येकीला सांगून आली की ही आता जीपची डॉक्टर होणार. देवानंद सरांनी हातात हात घेतला आणि त्यांना बोलता येईना. मी मात्र सकाळपासून बोलतेच आहे, आता घसा बसलाय.

पत्रासोबत एक छोटी चिठ्ठी होती, त्या पांढऱ्या केसांच्या बाईंच्या अक्षरात. लिहिलंय, पहिली मुलाखत तुमच्या वडिलांची घ्या, आणि ते गाडी चालवत नसतील अशा वेळी घ्या. तेव्हा तुम्हाला एक दिवस जीप उभी करावी लागेल.

साहेबरावकाकांना मी काल स्टँडवर विचारलं, नाना बोलतील का माझ्याशी? ते म्हणाले, अगं, तो पुण्याहूनच तुझ्या पावतीची झेराक्स काढून आल्ता. काचेच्या वरच्या पट्टीत खोचली, लायसनच्या शेजारी. सीटवाल्यांना दाखवून राह्यला दोन म्हयने झाले. हे खरं असेल तर ती झेराक्स काढून टाका, तिच्यावर ड्रायव्हर लिहिलंय. सोबत निवडीच्या पत्राची झेराक्स पाठवतेय, ती लावा. तिच्यावर तुमचं नाव आहे.

मी सोमवारी घरी येतेय. अंबडपर्यंत एसटीनं येईन, आणि तिथून सकाळच्या जिनिंगच्या माणसांना सोडून परत फिरणारी तुमची फेरी धरीन. रात्रपाळी सुटलेल्या बायका त्याच फेरीला गावाकडे निघतात आणि मालनमावशींना या महिन्यात रात्रपाळी आहे, मी विचारून घेतलंय. त्या माझ्याआधी येऊन पुढच्या सीटवर बसलेल्या असतील, गुडघा अजून दुखतोच आहे. मी पिशवी घेऊन येताना दिसले की त्या उठायला लागतील. पावणेदोन वर्षांत सवय काही गेलेली नसणार.

तेव्हा तुम्ही नुसतं त्यांच्याकडे वळून म्हणा, ऱ्हा बसून. मीही म्हणणार आहे. कोण आधी म्हणतं ते बघू. नंतर मी फळकुटावर उभी राहीन आणि घनसावंगीपर्यंत तुम्ही आरशात बघितलंत तरी चालेल.

तुमची
सगुणा